युद्धकवितेतले बूट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कारगिल विजय दिनाच्या आठवड्यात आपल्या रविवार पुरवणीत युद्धकवितांचं अख्खं पान आलं होतं. नऊ कविता. ते पान मी कापून ठेवलं आहे. नऊपैकी सात कवितांत जवान शेवटच्या कडव्यात शहीद होतो. उरलेल्या दोनमध्ये तो सीमेवर उभा आहे आणि आपण घरी निवांत झोपलो आहोत. घरी परतलेला जवान एकाही कवितेत नाही. हे मनात घोळत होतं, तोच पुढच्या आठवड्यात आपण एका वाचकांचं पत्र छापलंत. त्यांचं म्हणणं असं की कॉलेजात पहिल्या महायुद्धात लढलेल्या विल्फ्रेड ओवेनसारख्या गोऱ्या कवीच्या रडक्या कविता शिकवणं बंद करावं. त्यानं पोरांची हिंमत खचते, आणि नाहीतरी त्या लढाईचा आपल्याशी संबंध काय? त्या पत्राला उत्तर म्हणून हे लिहिते आहे. लांबलं तर कापा, पण बुटांचा मजकूर तेवढा राहू द्या.

मी धामणगाव रेल्वे तालुक्यातली. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. आमचे हे पायदळात होते, हवालदार म्हणून २००३ साली घरी आले. १९८७ साली शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेले होते, दोन वर्षं तिथं काढली. आमचं लग्न १९९१ चं. म्हणजे माझ्या वाट्याला आले ते परत आलेले. त्याआधीचे कसे होते ते मला फक्त सासूबाईंच्या तोंडून माहीत.

लग्नानंतर पहिल्यांदा वावरात गेलो तेव्हाची गोष्ट. पांदणीनं मी पुढं, हे मागं. मागं वळून पाहिलं तर हे माझ्या पावलाच्या ठशात बरोबर पाऊल ठेवत येत होते. नवी नवरी मी, मला ते प्रेम वाटलं. घरी येऊन मैत्रिणीला कौतुकानं सांगितलंसुद्धा. पुढं कळलं की बैलामागं चालले तर बैलाच्या खुरात पाय ठेवतात, गड्यामागं चालले तर गड्याच्या. श्रीलंकेत जाफन्याकडं वाटेवाटेत सुरुंग पेरलेले असत. पुढचा जिथून सुखरूप गेला तीच जागा खरी. आज तीस-पस्तीस वर्षं झाली, पांदण तीच आहे आणि यांचं चालणंही तेच.

दुसरी गोष्ट ३१ मे २०१६ च्या रात्रीची. पुलगावच्या दारूगोळा डेपोला आग लागली होती हे आपल्या वाचकांना आठवत असेल. कितीतरी जवान, अधिकारी, आग विझवणारे त्यात गेले. पुलगाव वर्धा नदीच्या पलीकडे, आम्ही अलीकडे. उकाड्याचे दिवस, आम्ही अंगणात बाजा टाकून झोपलेलो. रात्री एकच्या सुमारास जमीन हादरली, टिनाचे पत्रे खडखडले आणि उगवतीकडचं आभाळ तांबडं झालं. सगळं गाव रस्त्यावर आलं. यांनी मला आणि लेकीला बाजेखाली ढकललं आणि आमच्यावर आडवे झाले. तोंडानं एकच चाललं होतं, "हिलना मत, हिलना मत." एकवीस वर्षांच्या लेकीशी बाप हिंदीतून बोलत होता. कितीदा हाक मारली, पण आम्ही कोण आहोत हे त्यांना बराच वेळ उमगलं नाही. उजाडलं तेव्हा हे ओट्यावर बसलेले दिसले. अंगात बनियन, खाली लुंगी, आणि पायात पलटणीचे काळे बूट. नाड्या वरपर्यंत करकचून बांधलेल्या. ते बूट तेरा वर्षं माळ्यावरच्या पेटीत पडून होते. "बूट काहून घातले?" मी विचारलं. "असेच," म्हणाले. चहा घेतला, पण बूट दुपारपर्यंत काढले नाहीत.

आता ओवेन. लेक अमरावतीला इंग्रजी घेऊन एम.ए. करत होती. २०१७ च्या दिवाळीत घरी आली तेव्हा ओवेनची कविता अभ्यासाला होती, तीच ती 'दुल्चे एत देकोरुम एस्त' या लॅटिन नावाची, म्हणजे 'देशासाठी मरणं गोड आणि शोभेसं असतं'. १९१७ साली लिहिलेली. मला समजावी म्हणून ती ओळ वाचायची आणि लगेच आपल्या बोलीत सांगायची. हे बाजूला तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, लक्ष नाही असं वाटत होतं. कवितेची सुरुवात अशी की सैनिक लढाईच्या जागेवरून मागं विसाव्याला निघाले आहेत. पोत्याखाली वाकलेल्या भिकाऱ्यांसारखे वाकलेत, म्हाताऱ्या बायांसारखे खोकताहेत, चालता चालता झोपताहेत. कित्येकांचे बूट गेले आहेत, तरी पायांना रक्ताचेच बूट चढवून चालले आहेत. हे वाचलं आणि यांचा हात थांबला.

"हे कोनं लिहिलं?"

"इंग्रज होता बाबा. लेफ्टनंट."

"पायदळातला असंन."

लेक म्हणाली, हो, पायदळातलाच. हे म्हणाले, "बूट गेले का मानूस गेला. हे घरी बसून सुचत नाई." मग पुढचं वाचायला सांगितलं. पुढं विषारी वायूचा हल्ला होतो. सगळे धडपडत मुखवटे चढवतात, एकाला उशीर होतो. मुखवट्याच्या हिरव्या काचेतून कवीला तो हिरव्या समुद्रात बुडताना दिसतो. मग दोनच ओळींचा तुकडा येतो: माझ्या प्रत्येक स्वप्नात तो माझ्याकडे झेपावतो, गुदमरत, बुडत. मी मराठी शाळेत शिकवलेली बाई, कवितेच्या शास्त्रातलं मला फार कळत नाही. पण कवितेचा सगळा जोर त्या दोन ओळींत आहे हे मलाही कळलं. वायूनं मेला तो त्या दिवशीच सुटला. ज्यानं काचेतून पाहिलं त्याला ते रोज रात्री पाहावं लागलं. मी एकदा यांच्याकडं पाहिलं आणि नजर खाली घातली. शेवटी ओवेन म्हणतो, हे स्वप्न तुम्हाला पडलं असतं तर मातृभूमीसाठी मरणं गोड असतं हे जुनं खोटं तुम्ही पोरांना इतक्या हौसेनं सांगितलं नसतं.

"आन लिवनारा? तो वाचला का?" यांनी विचारलं.

लेकीनं सांगितलं. धक्क्यानं मनावर परिणाम झाला म्हणून एडिंबरोजवळच्या लष्करी इस्पितळात होता, तिथंच ही कविता लिहिली. बरा झाल्यावर घरी बसला नाही, १९१८ मध्ये पुन्हा आघाडीवर गेला. शौर्याबद्दल मिलिटरी क्रॉस मिळाला. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी कालवा ओलांडताना गोळी लागून मेला, वय २५. सात दिवसांनी युद्ध संपलं. ११ तारखेला गावात शांततेच्या घंटा वाजत होत्या, तेव्हा तार त्याच्या आईच्या हातात पडली. हे काही बोलले नाहीत. उठून गोठ्यात गेले आणि बैलांना पाणी दाखवलं. नुकतंच दाखवलेलं होतं, तरी पुन्हा दाखवलं.

पत्रलेखक महोदयांना माझी विनंती आहे, ज्या माणसानं बरं होऊन पुन्हा खंदकात उडी घेतली त्याला रडका म्हणू नका. आपण त्याच महायुद्धातल्या ज्या इंग्रज कवीची, रूपर्ट ब्रुकची, देशासाठीचं मरण गौरवणारी 'सोल्जर' ही कविता आदर्श म्हणून सांगितलीत तो मनाचा खरा होता, त्याबद्दल वाद नाही. पण तो तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईला जाताना जहाजावरच, डास चावून रक्तदोष होऊन, २३ एप्रिल १९१५ ला वारला. ओवेननं पाहिली तशी खंदकातली लढाई त्याला पाहायला मिळाली नाही. त्याची कविता निघालेल्याची आहे आणि ओवेनची तिथं पोचलेल्याची.

आणि 'आपल्याशी संबंध काय' याचं उत्तर तर दिल्लीच्या इंडिया गेटवर कोरलेलं आहे. त्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक समुद्रापार गेले, सत्तर हजारांहून अधिक परतले नाहीत. १९१५ च्या एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या ईप्रला जो विषारी वायू सोडला गेला तो आपल्या लोकांच्याही छातीत गेला आहे. जमादार मीर दस्त यांनी त्या वायूत आपली माणसं सांभाळली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं आणि वायूची बाधाही झाली. त्यांनी कविता लिहिली नाही. ओवेननं लिहिली, ती त्यांचीही समजावी. अजून एक सांगते. घरून शेवटचा निरोप घेताना ओवेनच्या तोंडी आपल्या रवींद्रनाथांच्या गीतांजलीतल्या ओळी होत्या आणि त्याच्या खिशातल्या वहीत त्या लिहिलेल्या सापडल्या. त्याच्या आईनंच हे १९२० मध्ये रवींद्रनाथांना पत्र लिहून कळवलं.

यावरून मी वीररसाच्या विरुद्ध आहे असं कुणी समजू नये. लढायला निघालेल्याला गाणं लागतंच. आमच्या शेजारच्या मोझरीचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६२ आणि १९६५ च्या युद्धांत खंजिरी घेऊन जवानांना भजनं ऐकवायला गेले होते. मी स्वतः एकतीस वर्षं २६ जानेवारीला मुलांकडून कुसुमाग्रजांचं 'वेडात मराठे वीर दौडले सात' बसवून घेतलं. सात पोरं, पुठ्ठ्याच्या तलवारी, त्यावर चमकीचा कागद. हे फौजेतून घरी आल्यापासून दरवर्षी पदकं लावून पहिल्या रांगेत बसायचे. गाणं त्यांना आवडतं, पाठ आहे. एकदा मात्र घरी येताना म्हणाले, "गानं चांगलं हाये. पन जे गेले त्यायचं हाये."

ओवेन ऐकल्यावर मी ही कविता पुन्हा काढून वाचली, पोरं नाचवण्यासाठी म्हणून नव्हे, वाचण्यासाठी म्हणून. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली आणि माझं मलाच वाईट वाटलं. सात जीव गर्दीत लोपतात तिथं टाळ्या पडायच्या, म्हणून मी दरवर्षी टेप तिथंच बंद करायची. त्यापुढं एक कडवं आहे. त्यात दगडावर अजून टाचा दिसतात, ओढ्यात रक्ताचा रंग तरंगतो, क्षितिजावर मातीचा ढग उठतो आणि कुणीतरी वाऱ्यावर विराणी गात असतं. विराणी! कवीनं विजयगीत लिहिलेलं नाही. आणि सुरुवातीलाही, महाराजांचं ते जिव्हारी लागणारं पत्र वाचताना सरदाराच्या डोळ्यांचे काठ ओले होतात, हे कवीनं लिहून ठेवलं आहे. पोरांना तलवार उपसायला शिकवायच्या घाईत मी ते डोळे कधी दाखवलेच नाहीत. एकतीस वर्षांत शेवटचं कडवं एकाही मुलाच्या तोंडी गेलं नाही. पोरांना अर्धीच कविता कळली, हा दोष कवितेचा नसून कुठं टेप बंद करायचा हे ठरवणाऱ्या माझ्यासारख्यांचा आहे. आपल्या पुरवणीतल्या निवडीबद्दलही मला हेच म्हणायचं आहे.

लेकीनं यावर टेनिसन या इंग्रज कवीची 'लाइट ब्रिगेड' वाचून दाखवली. २५ ऑक्टोबर १८५४, क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्याला सहाशेच्या आसपास घोडेस्वार चुकीच्या हुकमानं तोफांच्या तोंडी गेले. टेनिसननं वर्तमानपत्रातली बातमी वाचून कविता लिहिली. हुकूम देताना कुणाची तरी चूक झाली हे तो सरळ सांगतो, शिपायानं मात्र का म्हणून विचारायचं नाही. नेसरीच्या सातांची आणि या सहाशेंची गोष्ट एकाच जातीची आहे, पण मला कुसुमाग्रजांची कविता सरस वाटते. टेनिसनच्या सहाशेंपैकी एकालाही चेहरा नाही. आपल्या सरदाराचा ओठ दातांत दाबलेला दिसतो, छातीवरची बंदाची गाठ तुटलेली दिसते.

पुढं इंग्रजीत जे झालं ते मात्र आपल्याकडं झालं नाही, निदान मला आढळलं नाही. १८९० च्या सुमारास किपलिंगनं त्याच लाइट ब्रिगेडवर दुसरी कविता लिहिली. तिच्यात वाचलेले वीस जण म्हातारे झाले आहेत, पोटाला अन्न नाही, रात्री टेकायला जागा नाही, आणि शाळेत पोरं त्यांच्यावरची कविता पाठ करताहेत. ते वीस जण वाकून, लंगडत टेनिसनच्या दारात जातात आणि म्हणतात, आमचं पुढं काय झालं तेही लिहा. ही कविता ऐकून हे पोट धरून हसले. पेन्शनच्या कागदांसाठी वर्षानुवर्षं घातलेल्या चकरा त्यांना आठवल्या असणार. असं हसताना मी त्यांना क्वचित पाहिलं आहे.

चौथीच्या वर्गाला सिंहगडाची गोष्ट सांगताना एका पोट्ट्यानं मला विचारलं होतं, "बाई, मंग रायबाचं लगन झालं का?" उत्तर मला देता आलं, कारण महाराजांनी ते लावून दिल्याचं सांगतात. पण तानाजीबरोबर चढलेल्या बाकीच्या मावळ्यांच्या घरचं काय, हे त्यानं विचारलं असतं तर मी गप्पच बसले असते. पानिपतानंतरचा तो निरोप आपल्याला माहीत आहे: दोन मोती गळाले, मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. आमचे हे त्या खुर्द्यातले. श्रीलंकेत हजारावर जवान गेले, कोलंबोजवळ त्यांचं स्मारक आहे म्हणतात. मराठीत त्यांच्यावर गाणं मी ऐकलेलं नाही. बोलायची रीत मराठीला नाही असं नाही. आपल्याच मूर्तिजापूरच्या कवी अनिलांनी १९४३ साली 'निर्वासित चिनी मुलास' लिहून कुठल्या कुठल्या युद्धात पोळलेल्या परक्या पोराला जवळ घेतलं होतं.

हे सगळं ऐकून पत्रलेखक म्हणतील, अशानं भरतीला कोण जाईल? आमच्या गावचे पोट्टे पहाटे चारला डांबरी रस्त्यावर भरतीसाठी धावतात. त्यांतले दोघं माझ्या हाताखालून गेलेले. मी त्यांना अडवत नाही, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा हातावर ठेवते. ओवेनची 'डिसेबल्ड' नावाची कविता त्यांनी ऐकावी असं मात्र मला वाटतं. तिच्यातला पोरगा फुटबॉल जिंकला तेव्हा गड्यांनी खांद्यावर घेतला होता, त्याच भरात वय चोरून फौजेत गेला. आता दोन्ही पाय नाहीत, चाकाच्या खुर्चीत अंधार पडायची वाट पाहतो. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया त्याच्यावरून नजर काढून धडधाकट माणसांकडं नेतात. शेवटी तो एवढंच म्हणतो की थंडी वाजते, उशीर झाला, मला उचलून बिछान्यावर ठेवायला कुणी येत कसं नाही. हे माहीत असून जो धावेल तो कच्चा निघणार नाही. आणि त्यापेक्षा जास्त करून, ही कविता धावणाऱ्यांच्या घरच्यांनी ऐकावी. खुर्चीजवळ कुणी जायचं ते घरच्यांनाच ठरवावं लागतं. लग्नानंतर पहिली दहा वर्षं हे रात्री उठून बसायचे तर मी भानामतीपासून नवसापर्यंत सगळ्यांचं ऐकलं. ओवेनसारखं कुणी तेव्हा मराठीत वाचायला मिळालं असतं तर यांना काय दिसतंय हे निदान विचारलं असतं.

माझ्या सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. पीठ गिरणीतून यायचं, पण तुरीची डाळ त्या शेवटपर्यंत घरच्या जात्यावर भरडत आणि ओव्या म्हणत. लेक लंकेत असताना म्हटलेल्या ओव्या बऱ्याच होत्या. तो परत आल्यावरची एकच होती. हे घरात नसले की म्हणायच्या. मला ती शिकवली नाही, ऐकून ऐकून पाठ झाली:

लेक माहा घरी आला, गाव आलं भेटाले
जो म्या धाडला व्हता, तो नाई आला जेवाले

ओवेन आणि किपलिंग या बाईनं वाचलेले नव्हते. आपल्या पानावरच्या नऊ कवितांच्या शेजारी या दोन ओळी ठेवून पाहाव्यात.

संपादक महोदय, २६ जानेवारीला आपण पुन्हा असं पान काढाल. त्यात कुसुमाग्रजांची कविता शेवटच्या कडव्यासकट छापावी. विदर्भातल्या गावोगावी माजी सैनिक आहेत, त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या बायांना अशा ओव्या येत असतील. त्या मागवाव्यात. लेकीनं ओवेनच्या त्या कवितेचं मराठी केलं आहे, दोन पानं सोबत जोडली आहेत. ती पानं मी यांना दाखवूनच पाठवते आहे. बुटांच्या ओळीत लेकीनं 'लंगडत' लिहिलं होतं. यांनी चष्मा लावून ते खोडलं आणि वर 'खुरडत' लिहिलं. अक्षर यांचंच आहे, थोडं वेडंवाकडं आलं आहे. छापताना तोच शब्द ठेवावा.

आपली,
एका माजी सैनिकाची पत्नी
ता. धामणगाव रेल्वे, जि. अमरावती
(नाव छापू नये ही विनंती.)